स्मृतीचा पत्ता

आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळात दोन गृहस्थ असे आहेत की, ठराव कोणताही असो, एकाने सूचक म्हणून नाव दिले की दुसऱ्याने उपसूचना मांडायचीच, हा परिपाठ आता सभेच्या कामकाजाचा एक भागच होऊन बसला आहे. पहिले दादासाहेब, भूमि अभिलेख खात्यात पस्तीस वर्षे काढून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि जे दप्तरात नाही ते पृथ्वीवर नाही अशा निष्ठेने आमचे चिटणीसपद सांभाळणारे. दुसरे बापू, बाजारपेठेत चाळीस वर्षे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालविलेले, व्हॉल्व्हच्या रेडिओपासून रंगीत टीव्हीपर्यंतच्या साऱ्या पिढ्या ज्यांच्या हाताखालून गेल्या, आणि यंत्राबरोबर येणारे माहितीपुस्तक खोक्यातल्या थर्माकोलइतकेच उपयोगाचे असते असे ज्यांचे ठाम मत. मी या दोघांच्या मधोमध खजिनदार आहे. म्हणजे वाद त्यांचे आणि पावत्या माझ्या.

गेल्या पावसाळ्यात वाद झाला तो संगणकाच्या स्मृतीवरून. ग्रंथालयाचा एकुलता एक संगणक २०१० साली देणगीतून आलेला. ग्रंथपालबाई त्यावर ग्रंथांची सूची ठेवतात, आणि वार्षिक अहवाल, निमंत्रणपत्रिका, फलकावरच्या सूचना टंकतात. या टंकलेखनाचा मराठी प्रोग्राम जुना, आणि तो चालतो एका कुलपावर. डीटीपीवाले ज्याला नुसते ‘लॉक’ म्हणतात ते बोटाच्या पेराएवढे लॉक यंत्राच्या पाठीमागे खोचलेले नसेल तर प्रोग्राम उघडत नाही, आणि नव्या विंडोजला ते लॉक ओळखता येत नाही. सबब यंत्र बदलण्याची सोय नाही, विंडोज ७ सोडण्याची सोय नाही. (या विंडोजची सुरक्षा-दुरुस्ती २०२० च्या जानेवारीतच बंद झाली, म्हणून आम्ही त्या यंत्राला इंटरनेटचे वारेही लागू देत नाही.) बाईंचा अर्ज चार ओळींचा होता: सूची उघडी ठेवून टंकलेखन उघडले असता यंत्र दोन-दोन मिनिटे स्तब्ध राहते, तरी रॅम वाढवून मिळावी.

‘यात सभा कशाला?’ बापू म्हणाले. ‘झाकण उघडायचे, आतली रॅम काढायची, खिशात घालायची आणि मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन हिच्यासारखीच पण मोठी द्या म्हणून मागायचे. चप्पल घ्यायची तर पायाचे माप पत्राने पाठवीत नाहीत, पाय घेऊन जातात.’

‘पाय घेऊन जाल, पण जमीन इथेच राहील, बापू. तुम्ही खिशातून नेणार ती स्टिक. नवी स्टिक जिच्यावर बसायची तो मदरबोर्ड इथे टेबलाखाली. दुकानदाराने विचारले की बोर्ड कोणता, तर काय सांगाल?’

‘हिरवा.’

दादासाहेबांनी या उत्तराची दखल घेतली नाही. त्यांनी फुलस्केप कागदावर उभ्या रेघा आखून आणल्याच होत्या. ‘पहिला रकाना पिढीचा,’ ते सांगू लागले. ‘आपल्या बोर्डाला डीडीआर३ लागते, दुसरी कोणतीही नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोहोंना २४० पिना, लांबी एकच, दुरून पाहणाऱ्यास जुळ्या बहिणी वाटाव्यात. परंतु खालच्या कडेला जी खाच असते ती दोघींत निरनिराळ्या जागी पाडलेली आहे, आणि ती जाणूनबुजून, कारण एकीला १.८ व्होल्ट लागतात आणि दुसरीला १.५. पुढे चौथी पिढी १.२ वर आली, पाचवी १.१ वर, त्या दोघींना २८८ पिना आणि खाचा पुन्हा वेगळ्या. हे सगळे जेडेक नावाची संस्था ठरवून प्रसिद्ध करते, आणि जगातल्या कोणत्याही कारखान्याने केलेली स्टिक त्या बरहुकूम असते.’

‘म्हणजे खाचच साक्ष देते की. मग कागद कशाला? खाच जुळली की बसली, आणि बसली की चालली.’

‘नकाशा मोजणीच्या टेबलावर बसतो आणि बांधावर बसत नाही, असे तंटे मी तुम्हाला पन्नास दाखवीन.’

‘तेव्हा टेबल चुकलेले असते.’

शेवटी यंत्राचे झाकण निघाले. आतील धूळ, एक वाळलेली गोम आणि पंख्याला चिकटलेली कोळिष्टके यांचे वर्णन करीत नाही. कोकणातील कोणाही संगणकवाल्यास ते नवे नाही. दोन स्लॉटांपैकी एकात स्टिक होती, एक रिकामा. बापूंनी दोन्ही कडांच्या खिट्या अंगठ्यांनी खाली दाबल्या, स्टिक आपोआप वर आली, आणि ती त्यांनी कडेने धरून दिव्याखाली आणली. दोन्ही अंगांना आठ-आठ काळ्या चिपा, आणि एका अंगावर पिवळट पडलेले लेबल: ‘२जीबी २आर×८ पीसी३-१०६००यू’. बापूंच्या लेखी ती दोन जीबीची रॅम होती. दादासाहेबांच्या लेखी मात्र तो एक उतारा होता, आणि त्यांनी तो सातबारा वाचावा तसा वाचला. २जीबी ही क्षमता. २आर म्हणजे चिपांच्या दोन रांगा, ज्यांना जाणते लोक रँक म्हणतात. ×८ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी आठ बिटे हातावर ठेवते, आणि अशा आठ मिळून चौसष्ट बिटांची एक रांग पुरी होते. पीसी३ ही पिढी. १०६०० म्हणजे दर सेकंदाला सुमारे इतके मेगाबाइट वाहून नेण्याची ताकद. १३३३ या वेगाला आठाने गुणले की जवळपास हाच आकडा निघतो. शेवटचे ‘यू’ सर्वांत लहान आणि सर्वांत महत्त्वाचे. ते अनबफर्ड, म्हणजे साध्या घरगुती डेस्कटॉपच्या जातीचे चिन्ह. तिथे ‘एस’ असते तर ती लॅपटॉपची आखूड स्टिक, आणि ‘आर’ असते तर सर्व्हरची रजिस्टर्ड, जी जुन्या बाजारात मातीमोल मिळते आणि डेस्कटॉपात घातली असता काहीच करीत नाही.

हे वाचन ऐकून मलाही भरून आले. दादासाहेबांनी बोर्डाचे माहितीपुस्तक मिळविले, त्यात जी४१ या चिपसेटखाली ‘दोन स्लॉट, कमाल ८ जीबी’ असे स्वच्छ छापले होते, म्हणजे एका स्लॉटात ४ जीबी. त्यावरून त्यांनी पुण्यातील आपल्या नातवाकरवी एक नवी कोरी स्टिक मागविली: डीडीआर३, १.५ व्होल्ट, ४ जीबी, अनबफर्ड, वेग १६००. बोर्ड १०६६ वर चालणारा असला तरी जलद स्टिक मंद चालण्यास हरकत घेत नाही, असा खुलासा त्यांनी टिपणीत केलाच होता, आणि तो खराही आहे. वेगाची विसंगती बहुधा अशी निरुपद्रवी असते, दोन घोड्यांच्या टांग्यात मंद घोड्याची चाल दोघांची होते इतकेच. त्याच नातवाच्या नव्या यंत्रातील डीडीआर५ स्टिकांवर ६००० छापलेले असून त्या ४८०० वरच धावत होत्या, कारण बायोसमध्ये जाऊन ती सवलत चालू करावी लागते आणि ते त्याला कोणी सांगितले नव्हते. पण ते सोडा.

स्टिक आली. बापूंनी ती हातात घेऊन उलटी केली आणि पाठीवरून अंगठा फिरवला.

‘हिच्या पाठीला काहीच नाही,’ ते म्हणाले. ‘आठच चिपा.’

‘नवी आहे म्हणून. पूर्वी सोळा चिपांत जे मावत असे त्याच्या दुप्पट आता आठांत मावते. यालाच प्रगती म्हणतात, बापू.’

‘आपल्या जुन्या रॅमला सोळा होत्या.’

‘तुमच्या जुन्या रेडिओला पाच व्हॉल्व्ह होते. तेही मोजत बसणार का?’

रिकाम्या स्लॉटात स्टिक बसली. खाच जुळली, दोन्ही खिट्या टचकन आपापल्या जागी आल्या. यंत्र सुरू केले. पंखा फिरू लागला, पडदा काळाच राहिला, आणि आतून थांबून-थांबून लांब शिटी येऊ लागली. पुढचा सबंध तास बापूंचा होता. त्यांनी भिंतीतून पिन काढली, सुरू करण्याची कळ दाबून उरलीसुरली वीज जिरवली, स्टिकच्या सोनेरी दातांवरून शाळकरी मुलाचे खोडरबर हलक्या हाताने फिरवले (आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत हा उपाय दहांतून सहा वेळा लागू पडतो), स्लॉट बदलले, जुनी स्टिक काढून नवी एकटी ठेवून पाहिली, शेवटी बोर्डावरचा बटणाएवढा सेलदेखील पाच मिनिटे बाहेर काढून ठेवला. शिटी हटेना. जुनी स्टिक एकटी घातली की यंत्र मुकाट्याने सुरू होई. तेव्हा दादासाहेब नवी स्टिक पाकिटात घालून हायस्कूलमध्ये गेले, तेथल्या चौथ्या पिढीच्या आय-३ च्या यंत्रात ती लावून पाहिली, आणि ती पहिल्याच झटक्यात चालली. स्टिक शाबूत, बोर्ड शाबूत, पिढी तीच, व्होल्ट तेच, कमाल क्षमतेची मर्यादा पाळलेली. आणि दोघांचे जमत नव्हते. त्या संध्याकाळी दादासाहेबांनी चहा अर्धा टाकला.

पुढच्या आठवड्यात बापू रात्रीच्या एसटीने मुंबईस गेले. लॅमिंग्टन रोडला आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव आहे, आणि १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांची आठवण तेथील बाजारात कोणास उरली असेल असे वाटत नाही. पण सुटे भाग विकत घेणाऱ्यांच्या तोंडी अजून तेच नाव आहे. बापू सांगत होते की, एका अरुंद जिन्याच्या तोंडाशी, दोन माणसे उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास घेऊ नये अशा गाळ्यात, एक पोरगेलासा दुकानदार बसला होता. बापूंनी आमची जुनी स्टिक पुढे केली आणि चारची पाहिजे म्हणून सांगितले. त्याने मान वर न करता विचारले, ‘बोर्ड कौनसा? जी फोर्टीवन?’ बापूंनी, दादासाहेबांचा कागद खिशात होता म्हणून, हो म्हटले. ‘तो सोला चिपवाला लेके जाओ. आठवाला नहीं चलेगा.’ आणि खणातून एक वापरलेली स्टिक काढून, फुंकर मारून, पुढ्यात ठेवली. लेबल: ‘४जीबी २आर×८ पीसी३-१०६००यू’.

ती आमच्या यंत्रात चालली.

‘कारण काय सांगितले त्याने?’ दादासाहेबांनी विचारले.

‘कारण विचारायला मी गेलो नव्हतो; रॅम आणायला गेलो होतो. त्याने दिवसाला शंभर लावून पाहिल्या असतील, त्यात त्याला कळले असेल. माझ्या दुकानात एक पोर होता, दहावी नापास. रेडिओच्या पेटीवर टिचकी मारून कुठला कंडेन्सर गेला ते सांगायचा. त्याला तरी कुठे सर्किट वाचता येत होते?’

‘आणि तो पोर दुकान सोडून गेला तेव्हा विद्या त्याच्याबरोबर गेली.’

‘गेली खरी,’ बापू म्हणाले, आणि थोडा वेळ गप्प राहिले.

दादासाहेबांना मात्र स्वस्थता नव्हती. स्टिक चालली याचे त्यांना सुख नव्हते असे नाही. पण ज्या कारणाने पहिली नापास झाली ते कारण रेकॉर्डवर आल्याशिवाय दुसरी पास झाली असे त्यांना मानवेना. पुढच्या गुरुवारी ते वाचनकक्षात आले ते चष्मा काढून ठेवण्याआधीच बोलू लागले, आणि त्या दिवशी त्यांनी जे सांगितले तितके सुबोध विवेचन मी तांत्रिक विषयावर क्वचितच ऐकले आहे.

‘बापू, एका चिपेत बिटे किती मावतात याला घनता म्हणतात. माझ्या आठ चिपांच्या स्टिकवर प्रत्येक चिपेत चार गिगाबिट. तुमच्या सोळा चिपांच्या स्टिकवर प्रत्येकीत दोन. आठ चोक बत्तीस, सोळा दुणे बत्तीस. बत्तीस गिगाबिट म्हणजेच चार गिगाबाइट, दोन्हीकडे बेरीज एकच. पण चिपेच्या आत बिटे ओळींनी मांडलेली असतात, आणि कोणती ओळ पाहिजे ते बोर्डाला पत्त्याच्या तारांवरून सांगावे लागते. दोन गिगाबिटच्या चिपेला पंधरा तारा पुरतात. पंधरा तारांनी ३२,७६८ ओळी पुकारता येतात. चार गिगाबिटच्या चिपेत ओळी ६५,५३६, म्हणजे सोळावी तार पाहिजे. आपल्या जी४१ चा जो स्मृतीचा कारभारी आहे, त्याच्या वहीत सोळावा रकानाच नाही. तो काळात मागे आहे. तो घडला तेव्हा चार गिगाबिटच्या चिपा बाजारात यायच्या होत्या. म्हणून त्याला प्रत्येक चिपेतली अर्धी जमीन ठाऊकच होत नाही, आणि ज्या मालमत्तेची मोजणी जुळत नाही ती तो दाखल करून घेत नाही, शिटी वाजवतो. तुमच्या स्टिकवर चिपा लहान, पण रांगा दोन. पहिल्या रांगेला एक निशाणी, दुसरीला दुसरी, त्या त्याला माहीत आहेत. सर्व्हे नंबर संपले म्हणून त्याने पोटहिस्से पाडून घेतले, असे समजा.’

‘आणि हायस्कूलच्या यंत्राला ते कळले?’

‘तिथे कारभारीच निराळा. आपल्या बोर्डात तो चिपसेटमध्ये बसतो, प्रोसेसरच्या शेजारच्या चिपेत. पुढच्या पिढ्यांत इंटेलने त्याला प्रोसेसरच्या पोटातच घेतले. एएमडीने तर २००३ मध्येच घेतले होते. म्हणून नव्या यंत्राला रॅम घेताना नुसता बोर्ड सांगून भागत नाही, प्रोसेसरही सांगावा लागतो.’

‘हे तुमच्या माहितीपुस्तकात होते का?’

दादासाहेबांनी चष्मा पुसला. ‘नव्हते. कमाल ८ जीबी एवढेच होते. रकाना कोरा सोडला असता तर मी विचारले असते. त्यांनी रकानाच आखला नाही.’

माझे मत विचाराल तर दोष त्या माहितीपुस्तकाचाच होता. आठ जीबी छापणाऱ्याला सोळा चिपा छापण्यास आणखी अर्धी ओळ पुरली असती, आणि त्या अर्ध्या ओळीच्या अभावी एका गाळ्यातल्या पोराच्या जिभेवर जे ज्ञान होते ते आम्हांला एसटीच्या भाड्याने विकत घ्यावे लागले. परंतु हेही खरे की, बापू दादासाहेबांचा कागद खिशात न घेता गेले असते, तर ‘बोर्ड कौनसा’ या प्रश्नाला हिरवा असेच उत्तर मिळाले असते.

त्या दिवशी बापूंचा मूड चांगला होता, कारण कंडेन्सरचा विषय निघाला. या चिपांत प्रत्येक बिट म्हणजे एक सूक्ष्म कंडेन्सर आणि त्याच्या दारावर एक ट्रान्झिस्टर. ही मांडणी आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची, आणि तिचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले. ‘एवढ्याशा कंडेन्सरात भार टिकेल कसा?’ बापूंनी विचारले, आणि प्रश्न अगदी मर्मावर होता. तो टिकतच नाही. तो गळतो, आणि तो पुरता गळून जाण्यापूर्वी, साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत, यंत्राला प्रत्येक ओळ पुन्हा वाचून पुन्हा भरावी लागते. म्हणजे ज्याला आपण स्मृती म्हणतो ते सेकंदाला पंधरा-सोळा वेळा केलेले पुनःपठण आहे. ‘आमच्या वेदशाळेत घोकंपट्टी म्हणत ती हीच,’ बापू म्हणाले, आणि वीज गेली की सारे विसरते यात मग नवल काय, अशी पुस्तीही त्यांनी जोडली.

आता जुनी दोनची स्टिक आणि बापूंची चारची स्टिक शेजारी शेजारी बसल्या होत्या. दादासाहेबांची नवी हरकत: क्षमता विषम, कारखाने वेगळे, एक नवी असल्यापासून इथली आणि दुसरी कोणाच्या यंत्रातून उपटलेली, जोडी घ्यावी तर एका पाकिटातली घ्यावी. बापूंचे म्हणणे, चालते आहे ना? यावर दोघांचेही म्हणणे थोडे-थोडे खरे असते. प्रत्येक स्टिकच्या अंगावर एक इवलीशी चिप असते, तीत त्या स्टिकचे वेग आणि वेळा नोंदलेल्या असतात. बोर्ड दोघींच्या नोंदी वाचून दोघींना झेपेल अशी चाल ठरवतो. बरोबरीचा जेवढा भाग असेल तेवढा जोडीने, उरलेला एकेरीने चालवण्याची हिकमतही इंटेलच्या बोर्डांत बहुधा असते. तेव्हा विषम जोडी चालू शकते. मात्र चालेलच अशी हमी कोणी देत नाही, आणि न चालण्याचा प्रकार मोठा आडमार्गी असतो. यंत्र सुरू होते, दिवसभर काम देते, आणि एखाद्या संध्याकाळी सूचीतील एका ग्रंथकाराचे नाव बिघडवून ठेवते. म्हणून दादासाहेबांच्या आग्रहावरून मेमटेस्ट हा तपासणीचा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून लावून यंत्र रात्रभर चालू ठेवले. पहाटे पाहिले तो लाल अक्षरांत सात चुका. बापूंनी दोन्ही स्टिका काढल्या, एकेक लावून पाहिली. चूक जुनीच्या वाट्याला येत होती, जिच्या दातांवर पंधरा पावसाळ्यांचे कीट होते आणि जिला खोडरबर लावायचे आम्ही सगळेच विसरलो होतो. दुसऱ्या रात्री चुका शून्य.

प्रकरण येथे मिटायचे, पण दादासाहेबांनी संगणकाच्या माहितीचे पान उघडले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पडद्यावर लिहिले होते: स्थापित स्मृती ६.०० जीबी, वापरण्याजोगी ३.२५ जीबी.

‘पावणेतीन जीबीची अफरातफर!’ ते म्हणाले.

ती अफरातफर नव्हती. आमचे विंडोज ३२ बिटांचे. बत्तीस बिटांनी जितके पत्ते लिहिता येतात ते सारे मिळून चार गिगाबाइट, एक बाइटही अधिक नाही, आणि त्या चारांतूनही पडद्याचे चित्र दाखवणाऱ्या व इतर उपकरणांना पत्त्यांचा वाटा द्यावा लागतो. ६४ बिटांचे विंडोज घातले असते तर सहाही जीबी दिसले असते. पण ते लॉक ६४ बिटांत चालत नाही, आणि लॉकसाठीच तर हे यंत्र ठेवलेले.

‘पुन्हा रकानाच,’ दादासाहेब पुटपुटले. ‘तिथे सोळावी तार नव्हती, इथे तेहतिसावे बिट नाही. स्मृती आहे, पत्ता नाही.’

ग्रंथपालबाई इतका वेळ परत आलेली पुस्तके मांडीत होत्या. नोंदवहीत दाखल क्रमांक न पडलेले एक पुस्तक बाजूला काढीत त्या सहज म्हणाल्या, ‘मग दादासाहेब, आपल्या जुन्या दोनच्या जोडीला दोनचीच आणखी एक आणली असती, तर चार झाली असती, आणि सव्वातीनच दिसली असती ना?’

दोघेही गप्प झाले. सव्वातीनच दिसली असती. जोडी समान झाली असती. दोन जीबीच्या सोळा चिपांच्या स्टिकवर एक गिगाबिटच्या चिपा असतात, त्यांच्याविषयी जी४१ ला काहीच तक्रार नसते. आणि अशी स्टिक कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात पुड्या बांधायला मिळेल इतकी स्वस्त आहे. बापूंनी पहिल्याच दिवशी तेच म्हटले होते, फक्त शेवटी ‘पण मोठी’ हे दोन शब्द जोडले होते; आणि दादासाहेबांच्या कागदावर बारा रकाने होते, त्यांत विंडोजचा एकही नव्हता. दोन स्टिकांच्या दोन पावत्या माझ्या फायलीत लागल्या. बाईंची दोन्ही कामे मात्र आता एकाच वेळी उघडी राहतात, आणि यंत्र स्तब्ध होत नाही.

राहिली ती आठ चिपांची नवी स्टिक. खरेदी झालेली वस्तू, तेव्हा जडवस्तू संग्रह नोंदवहीत तिची नोंद करणे प्राप्त होते. दादासाहेबांनी वही पुढे ओढली, अनुक्रमांक घातला, वर्णन लिहिले, दिनांक लिहिला, किंमत माझ्याकडून विचारून घेतली, आणि शेऱ्याच्या रकान्याशी येऊन त्यांचा टाक थांबला.

‘नादुरुस्त लिहा,’ बापू म्हणाले.

‘नादुरुस्त कशी? हायस्कूलमध्ये चालली.’

‘मग निरुपयोगी.’

‘आपल्याला. हायस्कूलला नाही.’

‘मग हायस्कूलला देऊन टाका.’

‘देणगीला ठराव लागेल. पुढच्या सभेपर्यंत शेरा काय लिहू?’

बापूंनी स्टिक उचलली, उलटी केली, तिच्या कोऱ्या पाठीवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. दादासाहेबांनी त्या अंगठ्याकडे पाहिले, टाक दौतीत बुडवला, आणि वळणदार अक्षरांत लिहिले: ‘सुस्थितीत. सोळा चिपांची नाही.’